आरोग्यसंवाद : मुलांच्या मानेतील गाठ

आपल्या घरांतील पुष्कळशी दुखणी प्रथम आजीच्या बोटांना सापडतात. करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या काठी, किराणा व भुसार मालाचा व्यापार करणारे एक कुटुंब आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पर्युषण नुकतेच संपले होते. रविवारी सकाळी आजी आठ वर्षांच्या नातीच्या केसांना तेल चोळीत असता कानाखाली, मानेच्या डाव्या बाजूस, त्यांच्या बोटांना हरभऱ्यासारखे काही लागले. पुन्हा चाचपले, तर एक नव्हे, तीन-चार दाणे एकमेकांस चिकटल्यासारखे. मुलीला दुखत मात्र काहीच नव्हते.

पुढे तीन आठवडे जे घडले ते कोणत्याही घरी घडते. आजींनी हळद-चुन्याचा लेप लावला. सूनबाईंना गालगुंडाची शंका आली. शेजाऱ्यांनी सवयीप्रमाणे धरणाच्या पाण्याला दोष दिला, आणि मुलीच्या वडिलांनी रात्री मोबाइलवर नको ते वाचून आपली झोप घालविली. शेवटी सर्वजण माझ्याकडे आले. वडिलांनी दारातच विचारले, "साहेब, कॅन्सर तर नाही ना?" आजी चिडल्या, "अरे, असं अभद्र बोलू नये पोरीसमोर."

त्या दोघांच्या मधल्या जागेत, म्हणजे लेप आणि कर्करोग यांच्या दरम्यान, मानेतील गाठींचे जवळजवळ सारे शास्त्र सामावलेले आहे.

आपल्या शरीरात लसिका ग्रंथींचे मोठे जाळे असते. त्यांपैकी सुमारे ३०० ग्रंथी एकट्या मानेत आहेत. जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांना जकात नाका आठवत असेल. मालाची प्रत्येक गाडी तेथे थांबे, तपासली जाई, आणि संशयास्पद माल आला की नाक्यावर गर्दी उसळे. घसा, नाक, कान, दात व डोक्याची त्वचा यांतून येणारा द्रव या ग्रंथींत असाच तपासला जातो. जंतू आढळला की तेथे पांढऱ्या पेशींची संख्या वाढते आणि ग्रंथी फुगते. पायाला जखम झाल्यावर जांघेत जे येते त्याला आपण अवधाण म्हणतो, मानेतही तेच घडते. मुलांचे शरीर रोज नव्या जंतूंशी ओळख करून घेत असल्यामुळे निरोगी मुलांच्या मानेतही लहान ग्रंथी हातास लागतात. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, मऊ, बोटाखाली सरकणारी ग्रंथी सर्दी-खोकल्यानंतर काही आठवडे राहिली तर घाबरण्याचे कारण नाही. जबड्याच्या कोनाखालची ग्रंथी तर दीड सेंटिमीटरपर्यंत असू शकते.

म्हणून मानेतील गाठीचे कारण प्रथम तिच्या शेजारात शोधावे. मानेच्या मागील बाजूस गाठी असतील तर केस बाजूला करून उवा, खरूज, पिकलेले फोड पाहावेत. जबड्याखाली असतील तर तोंड उघडून दात पाहावेत. हे शेवटचे वाक्य आपल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहीत आहे. दुकानदाराच्या घरच्या मुलांच्या हाताशी गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या सदैव असतात, आणि किडलेल्या दुधाच्या दाढेमुळे आलेली गाठ घेऊन थेट पुण्याला गेलेली मुले मी पाहिली आहेत. धरणाच्या पाण्याविषयी एवढेच सांगतो की पुणे-पिंपरीकडील सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते, त्याची तक्रार रास्त आहे आणि पाणी उकळून पिण्याची आपली रीत येथे उपकारकच आहे. परंतु मानेतील गाठीचा आळ त्या पाण्यावर घातला की खरा गुन्हेगार शोधणे राहून जाते.

मग काळजी केव्हा करावी? गाठ सुपारीहून मोठी म्हणजे दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली. दोन आठवडे सारखी वाढत राहिली किंवा चार ते सहा आठवड्यांत उतरली नाही. दगडासारखी कठीण लागली, जागची हलेना, अथवा अनेक गाठी मिळून एक ढेप झाली. सोबत रेंगाळणारा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम, फिकटपणा किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले, तर घरी थांबू नये. गळ्याच्या हाडाच्या, म्हणजे हासळीच्या वरच्या खळग्यातील गाठ लहान असली तरी तिला कधीही साधी मानू नये, कारण तिचा संबंध छातीतील वा पोटातील विकाराशी असू शकतो. आणि गाठी असलेल्या मुलाला आडवे झाल्यावर श्वास लागत असेल तर तो प्रसंग त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याचा आहे.

आमच्या या नातीच्या गाठी चिकटलेल्या होत्या, तीन आठवडे झाले होते, आणि वजनाचा काटा शाळेच्या नोंदीपेक्षा दीड किलो खाली होता. मी सोनोग्राफी लिहून दिली. आजी चमकल्या. "सोनोग्राफी? ती तर पोटाची असते ना?"

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. महाराष्ट्रातील प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते, त्यामुळे हे यंत्र केवळ गरोदर बाईसाठीच आहे अशी समजूत होऊन बसली आहे. वास्तविक ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींच्या उपयोगाविषयी जो गाजलेला निबंध प्रसिद्ध केला, त्याचा मुख्य विषय पोटातील गाठी हाच होता. यंत्राचा जन्मच, म्हणाल तर, गाठीची परीक्षा करण्यासाठी झाला. पुढे आपण त्याचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या दुरुपयोगाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आणि २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे जैन समाजात ८७० मुली नोंदल्या गेल्या. मुंगी वाचविण्यासाठी जपून पाऊल टाकणाऱ्या समाजाच्या वहीतील ही नोंद खोडता येण्यासारखी नाही. असो. मुलाच्या मानेच्या तपासणीस गर्भवतीसाठीचे ते अर्ज लागत नाहीत. मात्र याच कायद्यामुळे यंत्राची नोंदणी ठरलेल्या जागेची असते आणि ते मनास येईल तेव्हा उचलून गावोगावच्या शिबिरांत नेता येत नाही. म्हणून धरणाकाठच्या मुलाला यंत्राकडे जावे लागते, यंत्र त्याच्याकडे येत नाही.

आणि हे जाणे सोपे नाही. नकाशावर कुगाव आणि इंदापूरकडचे कळाशी समोरासमोर दिसतात, पण मध्ये यशवंतसागराचे पाणी पसरलेले आहे. रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीने जात. मे २०२४ मध्ये याच मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. त्या घटनेनंतर "पलीकडे जाऊन तपासून या" हे वाक्य मी पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारू शकत नाही. ज्या तपासणीसाठी कुटुंबाला एवढा प्रवास करावयाचा, ती पहिल्याच वेळी नीट व्हावी, ही जबाबदारी लिहून देणाऱ्याची आहे.

त्यासाठी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मानवी कानास न ऐकू येणारा सूक्ष्म ध्वनी शरीरात पाठवावयाचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीतून चित्र तयार करावयाचे, हे या तपासणीचे तत्त्व. पोटासाठी कमी वारंवारितेचा, साधारण तीन ते पाच मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. तो खोलवर पाहतो, पण बारकावे सोडतो. मान उथळ असते. तिला सात ते पंधरा मेगाहर्ट्झचा, सपाट तोंडाचा 'लिनिअर' प्रोब लागतो. केवळ गरोदर स्त्रियांची तपासणी करणाऱ्या एखाद्या केंद्रात तो नसण्याचा संभव असतो. निघण्यापूर्वी फोन करून, "मुलाच्या मानेची सोनोग्राफी करायची आहे, लिनिअर प्रोब आहे का?" एवढे विचारले तर एक खेप वाचते.

या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, गुंगी नाही, उपाशी राहणे नाही. सी. टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणांची मात्रा असते आणि वाढत्या वयात ती शक्य तितकी टाळावी, म्हणून मुलांच्या मानेसाठी पहिले चित्र सोनोग्राफीचेच असावे यावर वैद्यकाचे एकमत आहे. आमची नात आईच्या शेजारी उताणी निजली, खांद्यांखाली उशी ठेवून मान किंचित मागे केली, थंड जेल लागल्यावर ती खुदकन हसली, आणि पंधरा मिनिटांत सर्व आटोपले.

पडद्यावर काय पाहावयाचे असते? निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट दिसते. जेथून रक्तवाहिनी आत शिरते त्या मध्यभागाला हायलम म्हणतात. तो उजळ पट्ट्यासारखा चमकतो आणि भोवतीचा भाग सावळा असतो. सर्दीने किंवा टॉन्सिलने फुगलेली ग्रंथी मोठी होते पण आपला आकार सोडत नाही. लांबट राहते, हायलम जागेवर असतो, आणि रक्तप्रवाह दाखविणाऱ्या डॉप्लरमध्ये वाहिन्या त्या मध्यापासूनच फांद्यांसारख्या पसरतात. क्षयाच्या ग्रंथी बहुधा एकमेकींना चिकटतात, त्यांचा गाभा नासून काळा दिसतो, कधी चुन्याचे कण असतात. लिम्फोमा या कर्करोगात ग्रंथी चेंडूसारखी वाटोळी, एकसारखी काळसर होते आणि हायलम नाहीसा होतो. पू साठलेला असेल तर आतील द्रव हलताना दिसतो, आणि शल्यचिकित्सकाने केव्हा चिरा द्यावा हे ठरविता येते. शिवाय ती गाठ मुळात ग्रंथीच आहे की नाही हाही प्रश्न सुटतो. गळ्याच्या मध्यावर असलेली आणि जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ ही जन्मजात पिशवी असू शकते. तिच्यावर महिनोन्महिने प्रतिजैविके देण्यात अर्थ नसतो.

अहवालाची इंग्रजी भाषा मात्र पालकांना घाबरविते. 'मल्टिपल एनलार्ज्ड सर्व्हायकल लिम्फ नोड्स' हे शब्द वाचून पुष्कळांच्या तोंडचे पाणी पळते. त्या ओळीचा अर्थ मानेत काही ग्रंथी वाढल्या आहेत एवढाच, आणि ते तर आजींच्या बोटांनी आधीच सांगितलेले असते. महत्त्वाचे शब्द त्यापुढे असतात. हायलम 'प्रिझर्व्ह्ड' म्हणजे शाबूत, 'रिॲक्टिव्ह' म्हणजे संसर्गाला दिलेले नेहमीचे उत्तर. 'नेक्रोसिस', 'मॅटेड', 'लॉस ऑफ हायलम' हे शब्द आले तर पुढची पायरी चढावी लागते. पुन्हा तपासणी करावयाची झाल्यास शक्यतो त्याच केंद्रात करावी म्हणजे मापे ताडून पाहता येतात. एका आठवड्यात तीन गावी तीन सोनोग्राफ्या करणारे पालकही मला भेटतात. तीन दुकाने हिंडून भाव काढण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. तीन अहवालांत तीन मापे येतात आणि गोंधळ तेवढा वाढतो.

सोनोग्राफी ही साक्ष आहे, निकाल नव्हे. क्षय आणि लिम्फोमा कधी कधी पडद्यावर एकमेकांची सोंगे घेतात. शंका उरली तर सुईने पेशी काढून किंवा ग्रंथीचा तुकडा घेऊनच निर्णय होतो. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी एका मुलाच्या मानेतील गाठी प्रतिजैविकाने उतरेनात म्हणून मी त्याला काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गाठी विरघळल्या. वडील पेढे घेऊन आले. दोन महिन्यांनी गाठी दुप्पट वेगाने परतल्या आणि तो लिम्फोमा निघाला. स्टेरॉइडने पेशींचे रूप एवढे पालटले होते की पहिल्या तुकड्यावरून निदान होईना, दुसरा काढावा लागला. मुलगा बरा झाला, आज तो नोकरी करतो; परंतु ते दोन महिने माझ्या खात्यावर आहेत. तेव्हापासून निदान झाल्याखेरीज गाठीसाठी स्टेरॉइड देत नाही, आणि कोणी देत असेल तर पालकांनी "आधी तपासणी करू या" असे नम्रपणे म्हणावे असे सुचवितो. तसेच तुकडा काढला जाणार असेल तर तो दोन बाटल्यांत जावा, हेही विचारून घ्यावे: सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मेलिनमध्ये आणि क्षयाच्या जंतुपरीक्षेसाठी साध्या सलाइनमध्ये. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडाला की त्यातील जंतू वाढविण्याची सोय संपते.

नातीच्या पडद्यावर ग्रंथी चिकटलेल्या होत्या आणि दोहोंचा गाभा नासलेला होता. त्याच यंत्राच्या देखरेखीखाली बारीक सुई घालून थोडा द्रव काढला. सीबीनॅट तपासणीत क्षयाचा जंतू सापडला. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देणारा होता, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

हा रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन एकाच अध्यायात येते. मराठीत तिला गंडमाळा म्हणत आले. इंग्लंडात तर राजाच्या स्पर्शाने ही बरी होते अशी श्रद्धा होती, आणि पुढे कोशकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या सॅम्युअल जॉन्सनला लहानपणी, १७१२ मध्ये, राणी ॲनकडे नेले होते. गुण आला नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू दाखविला. आज औषध आहे, मोफत आहे, आणि तरीही निदान सांगितल्यावर त्या खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरलो नाही. सूनबाई रडू लागल्या. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो नातीविषयी नव्हता. "डॉक्टर, हे बाहेर कळणार नाही ना? मोठीचं जमत आलंय."

घरात मोठ्या नातीच्या साखरपुड्याची बोलणी चालू होती. मी त्यांना सांगितले की ग्रंथींचा क्षय एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. पण मुलाला क्षय होतो तो बहुधा एखाद्या खोकणाऱ्या प्रौढाकडून. "घरात कुणाला खोकला आहे?" कोणी बोलेना. शेवटी आजीच म्हणाल्या, "यांना आहे की. तंबाखूचा म्हणून सोडून दिलाय, दिवाळीपासून." दुकानाच्या गादीवर संध्याकाळी नात आजोबांच्या मांडीवर बसून पाढे म्हणत असे. आजोबांच्या थुंकीत जंतू निघाले.

औषधोपचाराचे तपशील थोडक्यात. ग्रंथींच्या साध्या क्षयासाठी सहा महिने रोज औषध घ्यावे लागते. सरकारी कार्यक्रमात मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या एकत्रित गोळ्या मिळतात, त्यामुळे जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी आपल्या घरांत जो संकोच असतो तो येथे उद्भवत नाही. औषध दिवसातून एकदाच, सकाळी अनशापोटी घ्यावयाचे असल्याने रात्रिभोजनत्यागालाही बाध येत नाही. उपवास मात्र या काळात मुलाकडून करवू नयेत. लघवी नारिंगी होते, तिची भीती बाळगू नये. नोंदणी झाल्यावर निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांना त्यांची गरज नसेल, तरी नोंदणी टाळू नये, कारण औषधाचा पुरवठा आणि घरातील इतरांची तपासणी तिच्यावर अवलंबून असते.

दुसऱ्या महिन्यात नातीची गाठ अचानक मोठी झाली. वडील पुन्हा दारात, चेहरा पहिल्या दिवशीसारखाच. उपचार चालू असताना काही मुलांत असे होते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीर जोराने उठते, आणि त्यावरून औषध फसले असे होत नाही. तरी खात्री हवी म्हणून पुन्हा सोनोग्राफी केली. नवी ग्रंथी नव्हती, द्रव थोडा होता, तो सुईने काढला, औषध तेच ठेवले.

सुईत लिम्फोमा निघाला असता तर वाट बार्शीची होती. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या भागातील मोठा आधार आहे, आणि बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील कर्करोगाची गावनिहाय नोंद १९८७ पासून तेथूनच ठेवली जाते. ग्रामीण भारतातील ती पहिली नोंदवही. मुलांच्या लिम्फोमात, विशेषतः हॉजकिन प्रकारात, वेळेवर व पूर्ण उपचार झाल्यास बहुसंख्य मुले बरी होतात. म्हणून त्या वडिलांचा दारातला प्रश्न अभद्र नव्हता. तो तीन आठवडे आधी विचारला असता तर अधिक बरे झाले असते.

आजोबांनी मुलाकडच्यांना स्वतः जाऊन सांगितले. मला हे नंतर कळले. व्याही म्हणाले, आमच्या घरीही एकाला झाला होता, आम्ही सांगितले नव्हते. साखरपुडा दोन महिने पुढे ढकलला, आजोबांच्या थुंकीची तपासणी स्वच्छ येईपर्यंत. घरातील इतरांच्या तपासण्या झाल्या, दुकानातील मुनीमांचीही.

नातीचे औषध संपले आहे. मानेत वाटाण्याएवढा एक कठीण दाणा उरला आहे. पडद्यावर तो पांढरा दिसतो, त्यात चुना साठला आहे आणि तो तसाच राहील. आजी दर रविवारी तेल लावताना तो चाचपून पाहतात.

पुढील अंकी मुलांच्या दुधाच्या दातांविषयी लिहीन. दुकानातील बरण्यांचा विषय अर्धवट राहिला आहे.